चौथी गाडी

हॉर्टनशॉ, १९ मार्च २०१८

भाईजान, अस्सलाम अलैकुम.

फोन तुम्ही उचलत नाही. नाहीद उचलते आणि म्हणते, "अब्बू झोपलेत, चाचा." सकाळी दहालाही झोपलेत, दुपारी चारलाही झोपलेत. लेकीकडे जाऊन तुम्हाला इतकी झोप लागत असेल तर चांगलंच आहे. म्हणून पत्र लिहितोय. पत्रांची सवय तुम्हीच लावलीत. गिरणीमागच्या त्या खोलीत राहायचो तेव्हा गावी आईला, आपल्या बेजीला, पाठवायचं पत्र तुम्ही सांगायचात, मी लिहायचो. अक्षर माझं, खोटं तुमचं. 'इथे थंडी फार नाही. जेवण मिळतं. मझहरचा खोकला गेला.'

तुमच्या फ्लॅटची किल्ली परत दिली. पलंग शेजारच्या बाईंना दिला. दोन जाड पांघरुणं माझ्याकडे आहेत. कोणी ग्लासगोला येणारं असेल तर पाठवतो.

बुधवारच्या सभेत मी जे वाचून दाखवलं ते तुम्हाला मागच्या रांगेत नीट ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. नगरपालिकेचा माईक खरखरत होता. म्हणून परत लिहितो. मी सदतीस टॅक्सीवाल्यांचा सेक्रेटरी म्हणून बोललो, मझहर म्हणून नाही. मी म्हटलं, प्रत्येक टॅक्सीत व्हीलचेअर चढलीच पाहिजे असा नियम करू नका. अर्ध्या गाड्यांना करा. नव्या परमिटवाल्यांना करा. आमच्यातले निम्मे पंचावन्नच्या पुढचे आहेत, कोणाची पाठ गेलीय, कोणाचा गुडघा. त्या व्हॅन उंच असतात. आमची रोजची गिऱ्हाइकं म्हणजे काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्या, साध्या मोटारीत त्या आपल्या आपण बसतात, व्हॅनमध्ये चढताना पडतील. खुर्ची बांधायला दहा मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात मीटर लावायचा नाही. नवी गाडी म्हणजे व्याजाचं कर्ज, आणि व्याज आमच्यातल्या बऱ्याच जणांना चालत नाही. फोनवरून मागवायच्या खासगी गाड्यांना तर हा नियम नाहीच. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, भाईजान.

मग लाल चष्म्याच्या नगरसेविकेनं विचारलं, "व्हीलचेअरवाल्याला टॅक्सी मिळाली नाही, अशी वर्षभरात एक तरी तक्रार आली का?" मी म्हटलं, "एकही नाही, मॅडम." तेही खरं होतं. कागदावर एकही नव्हती.

तेव्हा तुम्ही बोलायला लागलात. सोळा जानेवारीला दुपारी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर तुम्ही खुर्चीत पाऊण तास बसला होतात, सात रिकाम्या टॅक्सी समोरून गेल्या, आणि चौथी तुमच्या सख्ख्या भावाची होती.

मला एवढंच सांगायचंय. मी तुम्हाला पाहिलं नाही. ऊन समोरून येत होतं. जानेवारीत त्या चढावर ऊन कसं थेट डोळ्यांत घुसतं, ते तुम्ही जाणता.

नियम सात विरुद्ध दोन मतांनी झाला. पुढच्या वर्षी एकतीस मार्चपर्यंत मुदत आहे.

रझिया सलाम सांगते.

मझहर


हॉर्टनशॉ, ६ मे २०१८

भाईजान, सलाम.

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. हेही लिहितोय.

स्टँडवर आता माझ्याशी कोणी फार बोलत नाही. सभेनंतरचे आठ दिवस तर गाडीच्या काचा खाली होत नव्हत्या. नवव्या दिवशी फियाझ आला, बॉनेटवर कोपर टेकून म्हणाला, "काय सेक्रेटरीसाहेब, विरोधी पक्ष घरातच होता, आधी सांगायचंस ना यार! आम्ही तुझ्याऐवजी तुझ्या भावालाच सेक्रेटरी केलं असतं. बोलतो बरा." सगळे हसले. मीही हसलो. क्लिफ तेवढा रोज थर्मासमधला चहा देतो आणि विचारतो, "शब्बीर कसा आहे?" मी सांगतो, "झोपलाय."

अकरा जणांनी शेजारच्या गावाचं परमिट काढलं. तिथे हा नियम नाही. परमिट तिथलं, धंदा इथला, कायद्यात बसतं. म्हणजे गाड्या त्याच, रस्ते तेच, खुर्चीवाल्यांचं मात्र काहीच बदललं नाही. हे मी सभेत सांगितलं होतं. कोणी लिहून घेतलं नाही.

मागच्या शनिवारी एका विक्रेत्यानं बाजारचौकात नमुन्याची व्हॅन आणून लावली. चकचकीत. रॅम्प बाहेर येतो, आत जातो. मिसेस अ‍ॅकरॉइड भाजी घेऊन माझ्याच गाडीकडे येत होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, सोळा वर्षं दर शनिवारी मीच नेतो. विक्रेता म्हणाला, "आजी, चढून बघा ना." एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि तिथेच थांबल्या. ना वर जाता येईना, ना खाली. मी मागून कमरेला हात दिला तर म्हणाल्या, "मझ, मला बकरीसारखी चढवतोस होय रे?" शेवटी विक्रेता म्हणाला, "मग रॅम्पवरून चालत चढा." त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो आपला टाय सारखा करायला लागला. मग त्या माझ्या मोटारीत बसल्या आणि आपला आपण पट्टा लावला.

सभेत तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली होतीत. मागच्या पत्रात मी ती लिहिली नाही. तुम्ही म्हणालात, "बावीस वर्षं मीही हेच केलं. लांबून खुर्ची दिसली की छतावरचा 'गाडी रिकामी'चा दिवा घालवायचा. हे माझ्या भावाला मीच शिकवलं."

मला तो दिवस आठवतो. एक्याण्णव साल, माझा पहिला आठवडा. मी चालवत होतो, तुम्ही शेजारी बसून गल्ल्या सांगत होतात. लायब्ररीच्या कोपऱ्यावर एक माणूस खुर्चीत बसून हात करत होता. मी ब्रेकवर पाय ठेवला. तुम्ही म्हणालात, "दिवा घालव. तिकडे बघू नकोस. बघितलंस तर थांबावं लागेल."

मी लिहिलं होतं, पाहिलं नाही. खुर्ची पाहिली होती. खुर्चीत कोण आहे ते पाहिलं नाही. तुम्ही शिकवलं होतंत तसंच.

मझहर


हॉर्टनशॉ, १८ जुलै २०१८

भाईजान, सलाम.

ईदला फोन केला तेव्हा नाहीद म्हणाली झोपलेत, आणि मागे टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. चौकार गेला तेव्हा कोणीतरी "शाबास" म्हणालं. असो.

मी डॉक्टरकडे गेलो होतो. उजवा खांदा. हात कानाच्या वर जात नाही. शर्ट घालताना रझिया बाही धरते. ज्यांचं दुखणं खरं आहे त्यांना खुर्ची उचलण्या-बांधण्यातून सूट मिळते, डॉक्टरचा कागद लागतो. नवी डॉक्टर आहे, पोरगीच. तिनं हात फिरवून बघितला. विचारलं, "जड काही उचलत होतात का? वाकून, एका बाजूनं?"

मी म्हटलं, "बॅगा. टॅक्सीवाला आहे मी."

ती म्हणाली, "वर्षभर?"

मी म्हटलं, "लोक फार बॅगा आणतात."

तिनं लिहून दिलं. नगरपालिकेतून कार्ड आलं. माझा फोटो, खाली शिक्का, काचेवर आतून लावायचं. मला वाटलं सुटलो. खिडकीवरच्या बाईंना विचारलं, "म्हणजे माझी जुनी गाडी चालेल?" त्या म्हणाल्या, "नाही हो. गाडी नियमाचीच लागेल. सूट तुम्हाला आहे, गाडीला नाही." म्हणजे रॅम्पवाली व्हॅन घ्यायची, आणि तिच्यात खुर्ची चढवायला नाही म्हणायचं. क्लिफला सांगितलं तर चहा नाकातून बाहेर येईपर्यंत हसला. म्हणाला, "मझ, आता तुला दिवासुद्धा घालवावा लागणार नाही! कार्ड दाखव नि पुढे हो."

तो हसला ते शेवटचंच. पुढच्या सोमवारी त्यानं टॅक्सीचा बॅज परत केला. चौसष्टाव्या वर्षी कर्ज काढणार नाही म्हणाला. एकतीस वर्षं. थर्मास मला देऊन गेला. त्याच्या जागी आता कोणी उभं राहत नाही, मधे एका गाडीची फट तशीच राहते. का ते कळत नाही. कोणी ठरवलेलं नाही.

कार्ड स्वयंपाकघरातल्या खणात आहे.

मझहर


हॉर्टनशॉ, ३० सप्टेंबर २०१८

भाईजान, सलाम.

काल नाहीदचा मेसेज आला. 'अब्बू पत्रं वाचतात. पत्रावर काही बोलत नाहीत. तुम्ही लिहा.' एवढाच. मी तो तीनदा वाचला आणि गाडी पुसायला गेलो.

लिही म्हणाली म्हणून लिहितो.

सोळा जानेवारीला ऊन नव्हतं. पावसात बर्फ मिसळून पडत होता, दुपारी तीनलाच दिवे लागले होते. मी चढ उतरत होतो. लांबून खुर्ची दिसली. दिवा घालवला. समोर बघत पुढे गेलो. पुढे गेल्यावर आरशात बघितलं. ते का बघितलं, माहीत नाही. सत्तावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. आरशात तपकिरी लोकरीची टोपी दिसली. रझियानं विणलेली. कानाजवळ तिचा धागा संपला होता आणि तिनं हिरवा जोडला होता. तशी टोपी गावात दुसरी नाही.

मी ओळखलं, भाईजान.

खालच्या चौकात वळसा घालून परत यायला दोन मिनिटं लागली असती. मी स्टेशनकडे गेलो. स्टेशनवर भाडं नव्हतं. वीस मिनिटं रिकामा उभा होतो. वीस मिनिटांत मी चार वेळा चावी फिरवली आणि चार वेळा बंद केली, असं लिहिलं तर बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मी चहा घेतला. रेडिओ ऐकला. मला काही वाटत नव्हतं. खांदा दुखत नव्हता आणि तेवढंच बरं वाटत होतं.

डॉक्टरला मी बॅगा म्हणालो. तुमचा पाय कापल्यापासून चौदा महिने आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलला नेताना-आणताना मी तुम्हाला खुर्चीतून पुढच्या सीटवर घेत होतो आणि सीटवरून खुर्चीत. तुम्ही माझ्या गळ्यात हात टाकायचात आणि म्हणायचात, "सोड मला, मझहर, पडलो तर पडलो." मी म्हणायचो, "तुम्ही पडलात तर मीही पडेन, गप्प बसा." त्यातलं काहीच डॉक्टरला सांगितलं नाही. तिनं विचारलं असतं, "कोणाला उचलत होतात?" आणि मला "भावाला" म्हणावं लागलं असतं, आणि मग "आता तो कुठे आहे?"

डिसेंबरात रझिया स्वयंपाकघरात मला म्हणाली, "हात मोडून घेणार आहात का? त्यांना मुलगी आहे ना ग्लासगोला?" तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात. दार उघडं होतं. त्यानंतर तुम्ही मला हॉस्पिटलसाठी फोन करायचं बंद केलंत. मीही विचारलं नाही, कसे जाता म्हणून. विचारलं असतं तर न्यावं लागलं असतं.

सोळा तारखेला संध्याकाळी मी तुमच्याकडे डाळ-भात घेऊन आलो होतो. तुम्ही टोपी रेडिएटरवर वाळत घातली होतीत. मी विचारलं, "कसे आलात हॉस्पिटलातून?" तुम्ही म्हणालात, "आलो." मग आपण जेवलो. तुम्ही म्हणालात डाळीला मीठ कमी आहे. मी मिठाची बरणी आणून दिली.

रझियाला हे काल रात्री सांगितलं. तिनं हातातलं विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्यात माझंही आहे." आणि उठून गेली.

मझहर


हॉर्टनशॉ, २ डिसेंबर २०१८

भाईजान, सलाम.

व्हॅन घेतली. जुनी आहे, चार वर्षं वापरलेली, तिसरा गिअर अडकतो. कर्ज व्याजाचंच मिळालं. मौलवीसाहेबांना विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "पोटासाठी असेल तर अल्लाह माफ करणारा आहे, पण मला विचारू नकोस, विचारलंस तर मला नाहीच म्हणावं लागेल." मी विचारलं नाही. तुमच्याकडून मला आलेल्या परमिटची पाटी, एक्केचाळीस नंबर, आता या व्हॅनच्या मागे लावलीय. खिळ्याचं एक भोक जुळलं नाही म्हणून जरा तिरपी बसलीय.

नगरपालिकेनं एक दिवसाचं शिक्षण ठेवलं होतं. दोघा-दोघांची जोडी. माझ्या जोडीला फियाझ. शिकवणारी बाई म्हणाली, आधी एकानं खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं चढवायचं, बांधायचं आणि गावातून एक फेरी मारायची. फियाझनं माझ्यापुढे खुर्ची धरली. "बसा सेक्रेटरीसाहेब, डोली तयार आहे."

मी बसलो. त्यानं मागून ढकललं. रॅम्पवर अर्ध्यात गेल्यावर खुर्ची मागे यायला लागली, आणि माझे हात आपोआप चाकांकडे गेले. बाई ओरडली, "हात आत!" वर गेल्यावर फियाझनं चार पट्ट्या लावल्या. गाडी निघाली.

भाईजान, आतून काही दिसत नाही. खुर्ची उंच, खिडकी खाली. डोळ्यांसमोर खिडकीच्या वरचा पत्रा येतो आणि छताचं कापड. मी सत्तावीस वर्षं या गावात गाडी चालवतोय, आणि तिसऱ्या वळणानंतर मी कुठे आहे ते मला सांगता येईना. फियाझ पुढून काहीतरी विनोद करत होता. ऐकू येत होतं, कळत नव्हतं. वळणावर अंग एकीकडे जातं आणि धरायला काही नसतं. फेरी संपल्यावर बाईनं विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "ठीक." फियाझची पाळी झाली तेव्हा तोही म्हणाला, "ठीक." जेवणाच्या सुट्टीत त्यानं विनोद केला नाही. सँडविच अर्धं टाकलं.

ते सूट असलेलं कार्ड मी लावलेलं नाही. खणातच आहे. फेकलेलंही नाही. खोटं कशाला लिहू, एखाद्या सकाळी हात मुळीच वर गेला नाही तर लागेल.

पहिलं खुर्चीचं भाडं मंगळवारी मिळालं. तिशीतली बाई, केस कापायला निघाली होती. पट्ट्या बांधायला मला चौदा मिनिटं लागली. ती घड्याळाकडे बघत होती. निघाल्यावर म्हणाली, "आरसा जरा खाली करा. कोणाशी बोलतेय ते तरी दिसू दे." आरसा खाली केला. ती म्हणाली, "तुमचा फोटो पेपरात आला होता. तुम्ही विरोधात होतात."

"हो."

"अजून आहात?"

मी म्हटलं, "अर्धा."

"अर्धा कसा असतो माणूस?"

"काही म्हाताऱ्या बायका आता माझ्या गाडीत चढू शकत नाहीत," मी म्हटलं. "त्यांच्यापुरता विरोधात."

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला वाटलं, कर्जापुरता म्हणाल." उतरताना म्हणाली, "उशीर झाला तुमच्यामुळे. शुक्रवारी पुन्हा बाहेर जायचंय, दहा मिनिटं आधी या."

मिसेस अ‍ॅकरॉइड आता फोनवरून खासगी गाडी मागवतात. शनिवारी बाजारात दिसल्या. निळ्या मोटारीत मागे बसल्या होत्या, पुढे कोणी नवाच ड्रायव्हर. मला बघून त्यांनी हात केला. मीही केला. सिग्नल सुटला तशी ती गाडी गेली.

मी जानेवारीत तिकडे यायचं म्हणतोय. नाहीदला विचारलं नाही. तुम्हाला विचारतोय. उत्तर नाही आलं तरी येतो.

मझहर


हॉर्टनशॉ, २१ जानेवारी २०१९

भाईजान, सलाम.

परत पोचलो. वाटेत धुकं होतं म्हणून पाच तास लागले. गाडीनं त्रास दिला नाही.

शनिवारी तुमच्यासमोर मला बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी जसं झालं तसं लिहितो. मग शेवटचं लिहायला जमेल.

नाहीदनं दार उघडलं. "या चाचा. तोंडावर दार लावायला मी काही तुमची भाभी नाही." भाभी जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिच्या तोंडात आईच. मला स्वयंपाकघरात बसवलं, पराठे दिले. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. मी दोन पराठे खाल्ले. तिसरा तिनं न विचारता वाढला, तोही खाल्ला. चाळीस मिनिटं झाली. टीव्ही बंद झाला.

तुम्ही दारात आलात. बारीक झाला आहात. केस सगळे पांढरे. माझ्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघितलंत आणि विचारलंत, "तीच का?"

"तीच."

"गिअर तिसराच अडकतो?"

"तिसराच."

"क्लच पूर्ण दाबत नसशील. दाखव."

बाहेर थंडी होती. नाहीद पांघरूण घेऊन मागे धावली. मी रॅम्प काढला. तुम्ही म्हणालात, "मागून ढकल, ओढू नकोस. खांद्यावर जोर येईल." मी ढकललं. वर जाताना तुम्ही चाकांना हात लावला नाहीत. मी पट्ट्या लावल्या तर तुम्ही वाकून हातानं एकेक चाचपून बघितलीत. "ही मागची पिळलीय. पिळलेली पट्टी ब्रेक मारला की सरकते. कोणी शिकवलं तुला?"

"नगरपालिकेनं."

"तरीच."

मी सोडून परत लावली.

ग्लासगोचे रस्ते मला माहीत नाहीत. मी नुसता डावीकडे, डावीकडे वळत राहिलो. थोड्या वेळानं तुम्ही मागून विचारलंत, "कुठे आहोत?" मी म्हटलं, "माहीत नाही." तुम्ही म्हणालात, "दिसतं काय ते सांग." मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागलो. औषधांचं दुकान. चष्म्यांचं. मासे तळणाऱ्याचं, बंद आहे. एक शाळा, फाटकावर पिवळा रंग. एक बाई दोन कुत्रे घेऊन चाललीय, एक कुत्रा येत नाहीये. तुम्ही म्हणालात, "कुठला, छोटा की मोठा?" मी म्हटलं, "मोठा." तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे त्याचं. थंडी आहे." असं आपण तासभर हिंडलो. मीटर बंद होता, तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून लिहितो.

घरासमोर आलो. मी गुडघ्यावर बसून पुढच्या पट्ट्या सोडत होतो. तुमचा आवाज माझ्या डोक्यावरून आला.

"त्या दिवशी मी तुला हात केलाच नव्हता."

मी वर बघितलं नाही. पट्टीचं कुलूप सुटत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "पहिल्या तिघांना केला. तुझी गाडी चढावर असतानाच ओळखली. पुढचा डावा दिवा मंद होता तुझा, दोन महिने सांगत होतो बदल म्हणून. हात खाली घेतला. मान खाली घातली. म्हटलं जाऊ दे, त्याचा खांदा गेलाय, रझिया चुकीचं बोलली नव्हती. मग तू खरंच गेलास. आणि मला राग आला. हात मी खाली घेतला आणि राग तुझा आला." मग थांबलात. "सभेत एवढं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सात टॅक्सींच्या सहाच झाल्या असत्या."

कुलूप सुटलं. मी तुम्हाला खाली उतरवलं. तुम्ही म्हणालात, "गिअरबॉक्सचं तेल बदलून घे," आणि नाहीदनं तुम्हाला आत नेलं. मी दारात उभा होतो. मग निघालो.

वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा उत्तर सुचलं. ते लिहायला हे पत्र.

तुम्ही हात खाली घेतलात हे मला शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. हात वर होता की खाली, ते मी बघितलंच नव्हतं. वर असता तरी मी गेलो असतो. आरशात टोपी दिसल्यावर मी हात आहे का ते शोधलं नाही. म्हणून तुमच्या त्या हातानं माझी चूक काही कमी होत नाही, भाईजान. तो तुमचा आहे, तुमच्याकडेच ठेवा.

सभेच्या कागदावर सात टॅक्सी असं लिहिलंय. ते बरोबर आहे. सातच राहू द्या.

तेल उद्या बदलतो.

मझहर